ट्रेलर लाइनला यायचं ठरवताय तर आधी हे वाचा

गावाकडची पोरं सारखी विचारतात, दादा ट्रेलरवर येऊ का, पैसे बरे सुटतात का. फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं म्हणून एकदाच सगळं लिहितोय. मी बोलतोय ते उघड्या ट्रेलरचं, म्हणजे पनवेलजवळच्या कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून कॉइल (पोलादी पत्र्याची जड गुंडाळी), प्लेटा, सळई भरून चाकण, रांजणगाव, जालना मारायचं. सहावं वर्ष चालू आहे, तरी भरलेली गाडी घाटाच्या तोंडाशी आली की पोटात गोळा येतोच.

लायसन्सचं तुम्हाला माहीतच असेल, हलक्या गाडीचं वर्षभर जुनं पाहिजे, वय २० पूर्ण. एजंट म्हणेल शिकायला येऊ नको, सर्टिफिकेट घरी देतो. अजिबात ऐकू नका. रिकामा ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलटं फिरवायचं हे अंगात बसायलाच मला दीड महिना लागला, ते कागदाने येत नाही.

आता मी जिथं फसलो ते. गाडी हातात येऊन महिना झाला होता. यार्डात हायड्राने, म्हणजे चाकाच्या क्रेनने, दोन कॉइल ठेवल्या, लोडिंगवाल्यांनी कॉइल सरकू नये म्हणून लाकडाचे गुटके मारले, साखळ्या ओढल्या, मी खालूनच बघितलं आणि बिल्टी (मालाचा कागद), वजनकाट्याची पावती घेऊन निघालो. माझे उस्ताद नेहमी म्हणायचे, बारा टनाची कॉइल कुठं हलतेय, स्वतःच्या वजनानेच बसते. गाडी चालवावी तर त्यांनीच, पण हे त्यांचं साफ चूक होतं. खोपोलीच्या अलीकडे एसटी पुढ्यात थांबली, मी ब्रेक दाबला आणि मागून ठक्क आवाज आला. उतरून बघतो तर पुढचा गुटका चिरलेला, साखळी हाताने हलतेय आणि कॉइल चार बोटं पुढे सरकलेली. पाय लटपटत होते माझे. मालक फोनवर म्हणाला हळूहळू चढव घाट. मी नाही म्हणालो, चार तास हायड्राची वाट बघितली, त्या ट्रिपचा भत्ता गेला. गेला तर गेला.

नीट समजून घ्या, यार्डातून निघताना साखळी घट्टच होती. गाडी चालली की कॉइल गुटक्यात बसते, लाकूड दबतं, साखळीच्या कड्या सरळ होतात, दोन सूत जरी दबलं तरी साखळी ढिली झाली समजा. आणि ब्रेकवर गाडी थांबते, माल थांबत नाही, जेवढा जड तेवढा जोर जास्त आणि त्याच्या समोर तुमची केबिन. म्हणून निघाल्यावर २०-२५ किलोमीटरच्या आत बाजूला घ्या, टर्नबकल, म्हणजे साखळी ताणायचा आट्यांचा स्क्रू, परत आवळा. घाटाआधी परत. जोरात ब्रेक लागला की परत. चहाला थांबलात तरी आधी माल, मग चहा. टॉमीने (लोखंडी दांड्याने) साखळीवर ठोका मारून बघा, घट्ट असेल तर टण्ण वाजते, ढिली असेल तर नुसती खळखळते. रात्र असो, पाऊस असो, उतरायचंच. कंटेनर असेल तर चारही कोपऱ्यांचे लॉक हाताने फिरवून बघा, लांबून लागल्यासारखे दिसतात.

सळईचं वेगळंच, मागे बाहेर काढून लाल फडकं बांधलं की चालतं असं अजूनही सांगतात. नाही चालत, २०१४ पासून बंदी आहे. ओव्हरलोडला दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, तो कोण भरणार हे माल भरायच्या आधीच मालकाकडून बोलून घ्या, काट्यावर उभं राहून नाही.

घाबरवायला लिहीत नाहीये. याच गाडीवर मी घराचं पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब टाकला, बहिणीचं लग्न केलं. काम शिकता येतं, मला आलं तर तुम्हालाही येईल. फक्त स्टेअरिंगचीच आवड असेल आणि सारखं उतरून माल बघायचा कंटाळा असेल तर बंद बॉडीची गाडी बघा, त्यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांनी दोन महिने सेकंड ड्रायव्हर म्हणून फिरा, उचल घेऊ नका, नाहीतर गाडी आवडली नाही तरी सुटता येत नाही.

आणि कामाला हो म्हणायच्या आधी टूलबॉक्स उघडायला लावा. साखळ्या गंजलेल्या, टर्नबकलचे आटे गेलेले, गुटके फाटलेले दिसले आणि मालक म्हणाला पुढच्या महिन्यात आणू, तर सरळ दुसरी गाडी बघा, कळंबोलीत गाड्यांना तोटा नाही.