फूड मार्केटिंगचं पुढचं शिक्षण घेताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात काजू, आमरस, कोकम सरबताच्या कारखान्यांत काम करणारी बरीच हुशार मुलंमुली काही वर्षांनी एका जागी अडकतात. पगार हलत नाही, मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्या मुलाखतीला बोलावत नाहीत. अशा वेळी पदव्युत्तर शिक्षण घ्यावं हा विचार रास्तच आहे. घोळ होतो तो अर्ज भरताना.

फूड टेक्नॉलॉजीत एम.टेक. केलं की मार्केटिंगमध्ये शिरता येईल, ही सर्वात महागात पडणारी समजूत. तिथे भर असतो तो पल्प किती तापवायचा, रिटॉर्ट पाउचमधला (उष्णतेने निर्जंतुक केलेल्या बंद पाकिटातला) माल कसा टिकवायचा यावर. भाव कसा ठरवायचा, वितरक कसा नेमायचा हे शिकायचं असेल तर ॲग्रिबिझनेसचं, म्हणजे शेतीमालाच्या व्यवसायाचं, एमबीए किंवा पीजीडीएम (व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका) बघा. नावावर जाऊ नका. दोन्ही वर्षांचे विषय उघडून वाचा.

मग पात्रता. हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी व्यवस्थापन संस्थेला कृषी किंवा संलग्न शाखेची पदवी लागते, त्यामुळे बी.कॉम.वाल्यांनी तिथे वेळ घालवू नये. आणंदच्या 'इर्मा' या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना दोन्हीकडे वाव आहे.

अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची कॅटची परीक्षा नोव्हेंबरअखेर असते, पण अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे आपल्याकडे ऐन गणपतीच्या धामधुमीत. 'विसर्जन झाल्यावर बघू' म्हणणाऱ्यांचं अख्खं वर्ष जातं. मुलाखतींचा काळ आंब्याच्या हंगामाला भिडतो, तेव्हा रजेचं मालकांशी आधीच बोलून ठेवा.

आणि अनुभवाचे कागद! छोट्या कारखान्यांत पगार रोखीने मिळतो, नेमणुकीचं पत्र नसतं. मग अनुभव दाखवायचा कसा? आजच पत्र मागा, पगार बँकेत जमा करून घ्या.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मुलाखतीत आपली मुलं पाठ केलेलं बोलतात तेव्हा. घरात वाशीच्या दलालाच्या पट्ट्यांची चळत पडलेली असते: किती पेट्या, काय भाव, हमाली-भाडं वजा जाऊन हातात काय आलं. मार्चची आणि मेची पट्टी शेजारी ठेवून बघा. तीच बाग, तेच कलम, पण मार्चला पेटीवर जाणारा आंबा मेअखेर कॅनिंगला किलोवर का जातो, हे तुम्हाला कळतं तसं शहरातल्या उमेदवाराला कळणार नाही. 2018 मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळूनही कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने का खपतो, यावर तुमचं स्वतःचं मत हवं. ते अर्जातल्या निबंधातही लिहा.

पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल, तर निवडलेल्या पीजीडीएमला एमबीएची समकक्षता आहे का, हे फी भरण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या.