शाळेच्या सुट्टीत त्सेल आम झे: तारखा, तिकिटं आणि ढग

त्सेल आम झे हे ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग प्रांतातलं, ७५७ मीटर उंचीवरचं तळ्याकाठचं छोटं गाव. मुंबईकरांचं गणित इथे बहुतेक वेळा तारखेतच चुकतं. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी लागते. तिथे तेव्हा स्कीइंगचा मोसम संपत आलेला असतो आणि उन्हाळी मोसम सुरू व्हायचा असतो. मधल्या काळात श्मिटनहोहे या गावालगतच्या डोंगराची केबलकार देखभालीसाठी बंद, बरीच हॉटेलंही बंद. नोव्हेंबरमध्ये दिवाळी आली तर तीच गत. मुलांना घेऊन जायचं तर मेचा शेवटचा आठवडा ते शाळा उघडेपर्यंतचा जून धरा. वर बर्फ सापडतो, खाली हिरवळ असते. तळ्याचं पाणी मात्र तेव्हा चांगलंच गार. पोहायचंच असेल तर जुलै-ऑगस्ट.

ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मेच्या प्रवासासाठी मार्चपर्यंत थांबलात तर मुंबईत अपॉइंटमेंट मिळतामिळता नाकीनऊ येतात. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते मुक्कामाच्या रात्री मोजून ठरवा. पाच रात्री स्वित्झर्लंडमध्ये आणि चार ऑस्ट्रियात असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं.

राहण्याची जागा घेताना एकच प्रश्न आधी विचारा: ‘समर कार्ड’ मिळतं का? उन्हाळी मोसमात हे कार्ड योजनेत सामील असलेल्या हॉटेलांत आणि अपार्टमेंटांत राहणाऱ्यांनाच मिळतं आणि त्यावर केबलकार, बोट वगैरेंची सवलत असते. चार जणांच्या कुटुंबाला रोप-वेची तिकिटं वेगळी काढावी लागली, तर ‘स्वस्तात मिळालेली’ खोली शेवटी महागच पडते. स्थानिक पर्यटन कर माणशी, रात्रीगणिक, बहुधा तिथेच भरायचा असतो.

म्युनिकला उतरलात तर विमानतळावरून एस-८ लोकलने म्युनिक ओस्ट, तिथून साल्झबुर्ग आणि पुढे दीड तासात त्सेल आम झे. ऑस्ट्रियन रेल्वेचं ‘श्पारशीने’ तिकीट स्वस्त असतं, पण त्याच गाडीला चालतं. विमान उतरण्याच्या दिवशी ते काढू नका. इमिग्रेशनच्या रांगेने गाडी चुकली की पैसे बुडाले. साल्झबुर्गहून जाताना प्रवासाच्या दिशेने उजवीकडे बसा. ब्रुक-फुश स्टेशननंतर रुळांना खेटूनच तळं लागतं.

मुक्काम किमान चार रात्रींचा ठेवा, कारण डोंगराचा दिवस आपण ठरवायचा नसतो. रोज सकाळी आधी केबलकारच्या वरच्या स्टेशनचा वेबकॅम बघायचा. खाली लख्ख ऊन आणि वर पांढरं धुकं, असं तिथे सर्रास होतं. पैसे भरून ढगात उभं राहण्यात अर्थ नाही. आकाश स्वच्छ असेल तर केबलकारच्या पहिल्या गाड्यांतच शेजारच्या काप्रून गावाहून किट्झश्टाइनहॉर्न या बर्फाळ डोंगरावर जा, कारण उन्हाळ्यात दुपारी ढग चढतात. वरचं स्टेशन ३,०२९ मीटरवर आहे. इतक्या झटपट चढल्यावर काहींचं डोकं दुखतं, म्हणून सावकाश चाला, पाणी पीत राहा, वर जास्त वेळ काढू नका. जूनमध्येही थर्मल, वारारोधक जॅकेट, गॉगल आणि चांगल्या पकडीचे बूट लागतात. छत्री वाऱ्यापुढे कुचकामी.

अर्धवट ढगाळ दिवशी १,९६५ मीटरच्या श्मिटनहोहेवर समाधान माना. ग्रोसग्लॉकनर या ऑस्ट्रियातल्या सर्वात उंच शिखराजवळून जाणारा टोल रस्ता मात्र दुसऱ्या स्वच्छ दिवसासाठी राखा. ४८ किलोमीटरचं ते वळणावळणाचं प्रकरण धुक्यात निव्वळ उलट्यांचं निमित्त ठरतं. पावसात तळ्याभोवतीची सपाट वाट बरी. फोटोसाठी सकाळी समोरच्या काठावर थुमर्सबाखला जा. सूर्य पाठीशी असतो आणि गाव उजळलेलं दिसतं.

खाण्याचं सामान नेताना तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको. मेतकूट, तेलातली चटणी, चिवडा, थेपले चालतात. अपार्टमेंटात बहुधा काचेची किंवा इंडक्शनची शेगडी असते, त्यामुळे ॲल्युमिनियमचा कुकर नेऊन उपयोग होईलच असं नाही. आणि दूध-ब्रेड-भाजी शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत आणा. रविवारी सुपरमार्केट बंद.