दिवाळीच्या आत भिंतीला भोक पाडायचंय? मग आधी एवढं जमवा

दसरा जवळ आला की "ड्रिल मशीन कुठलं घेऊ?" हा प्रश्न हमखास येतो. एका फळीसाठी, पडद्याच्या दांडीसाठी किंवा गॅलरीतल्या आकाशकंदिलाच्या हुकासाठी सुतार येत नाही. आलाच तर भिंत बघून "उद्या येतो" म्हणतो, आणि मग माणूस चिडून मशीनच विकत घ्यायला निघतो. घ्या की. पण माझ्या यादीत मशीनचा नंबर बराच खाली आहे. सगळ्यात वर आहे भिंत. ती कशाची आहे हे कळल्याशिवाय मशीन, बिट (मशीनच्या तोंडाला लावायची, भोक पाडणारी दांडी), गिट्टी (भोकात घालायची, स्क्रू धरून ठेवणारी नळी), स्क्रू यांतलं काहीच नीट ठरत नाही, आणि दुकानदार तर समोर असेल ते देणारच.

भिंत ओळखायची तर कपाटामागे किंवा दारामागे, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, एक बारीक भोक पाडून बघा. मशीन अजून घेतलं नसेल तर शेजाऱ्यांचं मागून आणा, एवढ्यापुरतं कुणी नाही म्हणत नाही. आतल्या बाजूचं प्लॅस्टर साधारण 12 ते 15 मिलिमीटर असतं, तोवरची करडी किंवा पांढरी भुकटी धरायची नाही. त्यानंतर काय बाहेर येतं ते बघायचं. लाल भुकटी आली तर भाजकी वीट आहे, घरच्या कामाला याहून चांगली भिंत नाही. करडी भुकटी येतेय, मशीन किंचाळतंय आणि बिट जागचं हलत नाही, म्हणजे आरसीसी, आत सळ्या घातलेलं काँक्रीट. पांढरी, मऊ भुकटी येतेय आणि लोण्यात सुरी शिरावी तसं बिट आत चाललंय, म्हणजे एएसी, आत हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचे हलके ब्लॉक. ही शेवटची भिंत नवख्याला फार आवडते, कारण भोक लगेच पडतं. भार मात्र तीच सगळ्यात कमी धरते.

एकाच घरात दोन्ही-तिन्ही प्रकार सापडतात, हे लक्षात ठेवा. पडद्याच्या दांडीचं उदाहरण घ्या. सगळ्या घरात झरझर भोकं पाडणारं मशीन खिडकीच्या वर येऊन अडतं, कारण तिथे लिंटल असतो, म्हणजे आरसीसीचं आडवं तुळईसारखं काम. मशीन खराब झालं असं वाटून लोक ते बदलायला दुकानात घेऊन जातात! खिडकीच्या चौकटीपासून थोडं वर सरकून बघा, लिंटल संपून वीट लागली तर सुटलात. मुंबई-पुण्याकडच्या नव्या टॉवरांत तर विटेची आशाच सोडा. तिथे बऱ्याच ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसकट सगळं काँक्रीटमध्येच ओतलेलं असतं. 'मायवन'ची बिल्डिंग असं जे म्हणतात ते हेच. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यात बिट सहज जातं, पण भोकाची कड ढासळते, म्हणून तिथे गिट्टी लांब हवी. जुन्या वाड्याची मातीची भिंत असेल तर तिला हात लावू नका, लाकडी खांब-तुळया शोधा आणि भार त्यांच्यावर टाका.

आता भिंतीच्या आत काय आहे ते. वायरिंगच्या नळ्या बहुतेक वेळा बोर्डापासून सरळ वर जातात नाहीतर आडव्या जातात. त्यामुळे स्विचबोर्डाच्या बरोबर वर, खाली किंवा त्याच रेषेत बाजूला भोक पाडायचं नाही, निदान अर्धा फूट सोडून काम करायचं. बेसिन, गीझर, नळ यांच्या वरखालीही तेच. बाथरूमच्या पलीकडची, म्हणजे बेडरूममधून कोरडी दिसणारी भिंत जास्त फसवी, कारण पाण्याचे पाइप तिच्या पोटात असतात. वायर शोधणारा छोटा डिटेक्टर मिळतो, घ्यायला हरकत नाही, पण स्वस्तातला असेल तर त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. घराचं काम चालू असताना काढलेले फोटो असतील तर ते त्याच्यापेक्षा कामाचे. त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवा आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, नसेल तर ड्रिलच्या आधी तो बसवून घ्या, हे मी मनापासून सांगतोय.

एवढं झालं की मशीन. वीट किंवा जांभा असेल तर 500-600 वॉटचं साधं इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं, पुष्कळ झालं. दोन-तीन हजारांत चांगल्या कंपनीचं येतं, आणि त्या किमतीत मिळणारं अठ्ठ्याऐंशी तुकड्यांचं सूटकेसवालं किट मात्र घेऊ नका. त्यातली निम्मी बिटं पहिल्याच भोकात बोथट होतात. मशीन घेताना तीन गोष्टी बघा: ट्रिगर दाबू तसा वेग वाढतो का, उलट फिरतं का, आणि इम्पॅक्ट बंद करायचं बटण आहे का. हे तिसरं नसेल तर ते मशीन टाइल आणि लाकडाला निरुपयोगी. बॉक्समध्ये कार्बन ब्रशची, म्हणजे मोटरमधल्या झिजणाऱ्या तुकड्यांची, जादा जोडी आली तर जपून ठेवा. चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याची, चावी मशीनच्या वायरला दोरीने बांधून टाका, नाहीतर ऐन वेळी ती सोडून सगळं सापडेल.

भिंती सगळ्या आरसीसीच्या असतील तर इम्पॅक्ट ड्रिलवर पैसे घालू नका. त्याच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून हलके ठोके देतात, तेवढ्याने काँक्रीट ऐकत नाही. त्याला रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन असतो, हवेच्या दाबाने तो बिटाच्या मागे खरा घाव घालतो. आपण जोर लावायचा नसतो, फक्त धरून उभं राहायचं. पण वर्षातून चार भोकांसाठी ते विकत कशाला? हार्डवेअरवाल्यांकडे दिवसाच्या भाड्याने मिळतं. सगळ्या खोल्यांची भोकं एकाच दिवसात उरकायची असं ठरवून आणा. त्याची एसडीएस, म्हणजे खाचा असलेल्या दांड्याची, बिटं वेगळी असतात, ती साध्या ड्रिलला बसत नाहीत, म्हणून भाड्याने आणताना 6 आणि 8 मिलिमीटरची बिटंही मागून घ्या. बॅटरीवालं मशीन? फर्निचर जोडायला झकास. काँक्रीटला घेऊ नका.

बिटांत फार सांगण्यासारखं नाही. भिंतीला टोकावर कार्बाइडची चकती बसवलेलं मेसनरी बिट, लोखंडाला एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं, लाकडाला मध्ये टोचणारं टोक असलेलं. एचएसएस बिट भिंतीत घातलं की गेलं. 6 आणि 8 मिलिमीटरची दोन-दोन चांगली घ्या, बाकीची लागतील तशी. दुकानदार "दोन सूत देऊ का?" म्हणाला तर गोंधळू नका. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा जरासं जास्तच. पण गिट्टी मिलिमीटरमध्ये असेल तर बिटही मिलिमीटरचंच घ्या, नाहीतर गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरत बसते.

आणि आता ज्यावर सगळे काटकसर करतात ती गोष्ट, म्हणजे गिट्टी. पूर्वी वायरमन छिन्नीने भोक पाडून त्यात लाकडी गिट्टी ठोकायचे. 1958 मध्ये जर्मनीच्या आर्तुर फिशर यांनी फुगणारी नायलॉनची गिट्टी आणली आणि ते काम संपलं. आजही पुष्कळ दुकानांत "फिशर द्या" म्हटलं की हीच हातात येते. नायलॉनची आणि भंगार प्लॅस्टिकची यात काही पैशांचाच फरक असतो. नखाने दाबून बघा, मेणासारखी दबली तर परत करा. मापाचं गणित असं: 6 ची गिट्टी साधारण 30 मिलिमीटर लांब असते. त्यातले 12-15 मिलिमीटर प्लॅस्टरमध्येच गेले, तर विटेत उरते जेमतेम निम्मी. फोटोफ्रेम, घड्याळ, किल्ल्यांची पाटी यांना ती आणि 8 नंबरचा स्क्रू बास. फळीला मात्र 8 ची, 40 मिलिमीटर लांबीची गिट्टी आणि 10 नंबरचा निदान 50 मिलिमीटर स्क्रू घ्या, आणि गिट्टी हलक्या हाताने ठोकून प्लॅस्टरच्या जरा आत सरकवा. एक मीटरची फळी पुस्तकांनी भरली की 20-25 किलो सहज होतात, दिवाळी अंकांचा गठ्ठा वरून वेगळा. समुद्राजवळ राहात असाल तर स्क्रू स्टेनलेसचेच. एएसी ब्लॉकला त्याची स्वतःची वेगळी गिट्टी मागा आणि भोक इम्पॅक्ट बंद ठेवून पाडा.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. सुट्टे स्क्रू आणि गिट्ट्या तिथे मोजून मिळतात, ऑनलाइन शंभराचं पाकीट घ्यावं लागत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात हातोडी, गुण्या, ओळंबा असली हत्यारं सुरेख मिळतात, विजेवर चालणारं काही तिथून घेऊ नये.

मोजमापाला टेप, पेन्सिल आणि एक फुटाची स्पिरिट लेव्हल लागेल. लांब दांडी असेल तर गवंड्यांची पाण्याची नळी अजूनही सगळ्यात अचूक. छताची कड किंवा टाइलची रेघ धरून मापं घेऊ नका, ती सरळ आहे असं कुणी सांगितलं?

कामाच्या दिवशी गॉगल, मास्क आणि घट्ट बाह्यांचे कपडे. ओढणी, सुती हातमोजे, अंगठी नको, फिरत्या चकमध्ये ते अडकतं. गिट्टीच्या लांबीपेक्षा सेंटीमीटरभर जास्त मोजून बिटावर चिकटपट्टी गुंडाळा, तिथे थांबायचं. भोकाखाली जुनं पाकीट उघडं करून चिकटवलं की भुकटी त्यात पडते. आधी इम्पॅक्ट बंद ठेवून हळूच खड्डा करा, बिट बसलं की चालू करा. टाइलवर चिकटपट्टीची फुली, टाइलचं बिट, अगदी कमी वेग आणि थेंब थेंब पाणी. पाणी ओतणारा माणूस वेगळा हवा आणि पाणी मशीनवर जाता कामा नये. टाइल पार झाली की मगच मेसनरी बिट. गिट्टी घालण्याआधी भोकातली धूळ फुंकून काढायची, डोळे मिटून. सोसायटीत दुपारची वामकुक्षीची वेळ सोडा, खालच्या आजोबांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. रंगकाम ठरलं असेल तर भोकं रंगाच्या आधी, आणि बाहेरच्या भिंतीची भोकं पावसाळा सरल्यावर.

बंगई स्वतः टांगू नका. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये फुगून घट्ट बसणारे लोखंडी बोल्ट, लागतात, झोक्याचा हिसका उभ्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि खाली माणसं बसलेली असतात. गीझरही माहितगाराकडूनच बसवा, 25 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच 25 किलो असतं. आकाशकंदिलाचा हुक मात्र बेलाशक लावा. तिथे वर स्लॅब आहे, आरसीसी, तेव्हा भाड्याचा हॅमर आणाल त्याच दिवशी तोही उरकून घ्या.

फळी लावली की लगेच भरू नका. तांदळाची 10 किलोची पिशवी ठेवा, रात्रभर राहू द्या, सकाळी लेव्हल पुन्हा लावून बघा. ब्रॅकेट आणि भिंत यांच्यात कागद शिरायला लागला असेल तर स्क्रू काढा, गिट्टी मोठी घ्या. आगपेटीच्या काड्या कोंबून भागवायचं ते फक्त कॅलेंडरच्या खिळ्याला.

एकदा मशीन घरात आलं की मजल्यावरचे सगळे मागायला येतील. मशीन द्या. 8 चं बिट त्यांचं त्यांनी आणायचं, हे मात्र दारातच सांगून टाका.