बिअरचा साका फेकू नका: यीस्ट साठवायचं आणि पुन्हा वापरायचं कसं

घरी केलेली बिअर बाटल्यांत भरून झाली की आंबवायच्या बादलीच्या तळाशी बोटभर जाड, पिवळसर साका उरतो. बरेच जण तो सरळ सिंकमध्ये ओततात आणि मला हळहळ वाटते. त्यात पुढच्या दोन-तीन वेळांना पुरेल इतकं जिवंत यीस्ट असतं, शिवाय ते कामाला लागलेलं असतं.

मी हे इंग्लंडमधून लिहिते आहे. इथे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे तिथल्या वाचकांनी लक्षात ठेवावं.

आधी साका निवडा. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधीच्या गोड द्रवाची घनता; पाण्याची १.०००) १.०६० च्या आत असलेल्या साध्या बिअरचा उत्तम. कडक बिअरमध्ये यीस्ट थकून जातं, भरपूर हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) बिअरचा साका कडवट असतो, आणि काळ्या स्टाउटचा साका फिकट बिअरला घातला तर रंग बदलतो. बिअरच्या चवीत जरा जरी शंका आली, तर त्या साक्याचा मोह नको.

अर्ध्या लिटरच्या काचेच्या दोन बरण्या आणि झाकणं स्वच्छ धुऊन सॅनिटायझरमध्ये (बिअरची भांडी निर्जंतुक करायच्या द्रावणात) बुडवा. बादलीत साक्यावर अर्धा लिटरभर बिअर मुद्दाम राहू द्या. बादली गोल फिरवून साका सैल करा, बादलीची कडही सॅनिटायझरने पुसा आणि बरण्या पाऊण भरा. बरण्या फ्रिजमध्ये ठेवा, पण झाकण घट्ट लावू नका. फ्रिजमध्येही यीस्ट थोडा वायू सोडत राहतं. माझी एक बरणी अशीच तडकली होती. काचा वेचण्यात संध्याकाळ गेली.

आता धुण्याबद्दल. उकळून गार केलेल्या पाण्यात यीस्ट धुवा, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. मीही धुवायचे, आता सोडलं. बिअर आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४ ते ४.५; त्यात अल्कोहोल आणि हॉप्सही असतात. जंतूंना ते मानवत नाही. पाणी घातलं की हे संरक्षण पातळ होतं, आणि प्रत्येक ओताओतीत बाहेरचं काहीतरी आत शिरायची संधी वाढते. यीस्ट त्याच्याच बिअरखाली राहू द्या.

दोन दिवसांनी बरणी उजेडात धरून बघा. वर निवळ तांबूस बिअर, मध्ये सायीसारखा पांढुरका थर, तळाशी हॉप्सचा हिरवट-तपकिरी चुरा. मधला थर आपल्या कामाचा. थोडा चुरा सोबत गेला तरी बिघडत नाही.

बिअर करायच्या दिवशी बरणी काही तास आधी बाहेर काढा, वरची बिअर ओतून टाका आणि वास घ्या. ताज्या पावासारखा वास आला की निर्धास्त वापरा. व्हिनेगर, कुजकट किंवा जळक्या रबरासारखा वास आला तर अख्खी बरणी फेका. १.०४० ग्रॅव्हिटीच्या २० लिटर बिटरला (साध्या इंग्लिश बिअरला) घट्ट बसलेला साका १५० ते २०० मिली पुरतो.

हे दोन आठवड्यांच्या आत. त्याहून जुनं असेल तर आधी जागं करा: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काची पूड) दहा मिनिटं उकळा, २० अंशांपर्यंत गार करा, त्यात दोन-तीन चमचे साका घाला, फॉइलने सैल झाका, येता-जाता हलवा. दिवसभरात फेस दिसायला हवा. दोन महिन्यांपुढचं मी ठेवत नाही.

बरणी फ्रीझरमध्ये नको. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात. क्वाइक हे नॉर्वेचं पारंपरिक यीस्ट मात्र वाळवून ठेवता येतं. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी ही यीस्टं लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यानपिढ्या जपली. घरी ती बेकिंग पेपरवर पातळ पसरायची, ३०-३५ अंशांत पापडासारखी कडकडीत वाळवायची आणि चुरा हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकायची. इंग्लिश एल यीस्टवर हा प्रयोग करू नका, ते वाळवणं सहज सोसत नाही.

बरणीवर चिकटपट्टी लावून यीस्टचं नाव, तारीख आणि कितवा वापर ते लिहा. पाच वापर झाले की मी नवं पाकीट फोडते.