ब्राउझरमधून व्हीएम सांभाळताय? निदान या चुका तरी टाळा

"स्नॅपशॉट घेतलाय ना, मग बॅकअप कशाला?" हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो, तो स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणी टिपून ठेवलेली अवस्था, कुठल्या डिस्कवर आहे? पलीकडून बराच वेळ आवाज येत नाही. कारण तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं मशीन) जाते आणि तिच्यासोबत स्नॅपशॉटही.

मी मुख्यतः प्रॉक्समॉक्सवर (ब्राउझरमधून व्हीएम सांभाळायची एक प्रणाली) काम करतो, म्हणून बटणांची नावं तिथली देतोय. कॉकपिट हे तसंच दुसरं साधन वापरत असाल तर नावं वेगळी दिसतील, पण खाली व्हीएम चालवणारी लिनक्समधली यंत्रणा, केव्हीएम, तीच आहे, तेव्हा चुकाही बहुतेक याच होतात.

स्नॅपशॉट घेऊन विसरणं

स्नॅपशॉट घ्यायला दोन क्लिक लागतात आणि घेतल्या क्षणी तो जागा जवळपास घेतच नाही. लोक इथेच फसतात. प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर नेहमीच्या पर्यायांनी चालवला तर व्हीएमच्या डिस्क एलव्हीएम-थिन पूलमध्ये (सगळ्या व्हीएमना जागा पुरवणाऱ्या सामायिक साठ्यात) जातात. थिन म्हणजे काय, तर १०० जीबीची डिस्क दिली तरी प्रत्यक्षात जेवढं लिहिलं जाईल तेवढीच जागा पूलमधून जाते. त्यामुळे ५०० जीबीच्या पूलमधून ९०० जीबीच्या डिस्क वाटता येतात आणि कोणी हटकत नाही. (इशारा येतो, पण तो टास्कच्या नोंदीत. ती उघडून वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.) आता यावर स्नॅपशॉट घेतलात की त्यानंतर डिस्कचा जो जो ब्लॉक (तुकडा) बदलेल त्याची जुनी प्रत पूलमध्ये धरून ठेवली जाते. व्हीएम जितकं लिहील तितका स्नॅपशॉट फुगतो. आतून 'डीएफ' (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) चालवलंत तर यातलं काहीही दिसत नाही, कारण आतल्या सिस्टिमला पूल नावाची गोष्टच माहीत नसते.

एका ठिकाणाहून रात्री फोन आला. "डेटाबेस गोठलाय, बाकी सगळ्या व्हीएम हिरव्या आहेत." बाकी हिरव्या होत्या हे खरं, पण त्यातल्या दोघींची फाइलसिस्टिम कधीच रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी) झाली होती. वेबसाइटचं पहिलं पान मेमरीतून येत होतं म्हणून उघडत होतं, फॉर्म भरला की एरर. डेटाबेसच्या व्हीएमपुढे पिवळा त्रिकोण आणि स्थिती 'आयओ-एरर', म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिता येत नाही. ती तिथल्या मुलाने तीनदा रिसेट केली होती. मी स्टोरेज उघडून बघायला सांगितलं. पूल १०० टक्के.

आता भरला कशाने? डेटाबेसच्या व्हीएमवर चार महिन्यांपूर्वीचा स्नॅपशॉट होता, वर्णन 'अपडेटच्या आधी'. अपडेट त्याच दिवशी नीट झालं होतं. त्या व्हीएमवर रोज रात्री काही टेबलं रिकामी करून पुन्हा भरली जायची, म्हणजे बदलणाऱ्या ब्लॉकची चंगळ. स्नॅपशॉट बिचारा एकेक जुनी प्रत सांभाळत बसला होता. नशिबाने व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे पूल ज्यातून कापलेला असतो त्या मोठ्या साठ्यात, थोडी मोकळी जागा होती (मोठ्या डिस्कवर इन्स्टॉलर १६ जीबी बाजूला ठेवतो). तिच्यातून पूल जरासा वाढवला, मग स्नॅपशॉट काढला, मग एकेक व्हीएम सुरू करून फाइलसिस्टिम तपासली. डेटाबेसची दोन टेबलं खराब निघाली. ती पूल भरल्याने गेली की तीन रिसेटमुळे, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही, पण माझा संशय रिसेटवर आहे. बॅकअपची चौकशी केली तर उत्तर काय मिळालं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल.

तेव्हापासून माझ्या सवयी अशा. स्नॅपशॉट घेताना वर्णनात 'काय' लिहीत नाही, 'कधी काढायचा' ते लिहितो. तीन दिवसांपेक्षा जुना स्नॅपशॉट दिसला की आधी काढतो, मग विचारतो कोणाचा होता. पूलचे दोन आकडे बघतो, डेटाचा आणि मेटाडेटाचा (कुठला ब्लॉक कुठे आहे याची नोंदवही). मेटाडेटाचा फारसं कोणी बघत नाही आणि तो भरला तर दुरुस्ती जास्त जिवावर येते. ७५ टक्क्यांवर मेल पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) टाकली आहे, कारण वेबवरचं पान उघडलं तरच बोलतं. शिवाय प्रत्येक डिस्कवर 'डिस्कार्ड' टिक करा आणि आत 'एफस्ट्रिम' चालतंय का बघा. नाहीतर आतून पुसलेल्या फाइलींची जागा पूलला कधी परत मिळतच नाही.

बॅकअप वेगळ्या मशीनवर. त्यातला एखादा अधूनमधून नवा व्हीएम क्रमांक देऊन परत आणून पाहा, सुरू करण्याआधी नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करा. जुन्याच क्रमांकावर रिस्टोअर केलंत तर त्या व्हीएमची आत्ताची डिस्क पुसली जाते. सूचना येते, हो. पण घाईत असलेला माणूस सूचनेतलं फक्त 'यस' वाचतो.

स्टॉप म्हणजे शटडाउन नव्हे

मला सर्वांत जास्त चीड आणणारी चूक ही. स्टॉप म्हणजे क्यूईएमयूची (व्हीएम ज्यात चालते तो प्रोग्रॅम) प्रक्रियाच मारणं, चालत्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटण्यासारखं. रिसेट हा त्याचाच भाऊ. शटडाउन आतल्या सिस्टिमला निरोप देतं, ती सामान आवरते आणि बंद होते. नवशिक्यांना स्टॉप आवडतं कारण ते लगेच होतं. लगेच होतं यातच सगळं आलं.

"पण शटडाउन चालतच नाही, टाइमआउट येतो!" बरोबर आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं. ऑप्शन्समध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत बसून बाहेरचे निरोप घेणारा छोटा प्रोग्रॅम) टिक केलेला असतो, कुठल्याशा व्हिडिओत केला म्हणून, आणि आत एजंट बसवलेलाच नसतो. टिक केलं की प्रॉक्समॉक्स शटडाउनचा निरोप एजंटमार्फत पाठवतं. निरोप घ्यायला आत कोणीच नाही, मग टाइमआउट. एजंट आत बसवा, सुरू आहे याची खात्री करा. व्हीएमच्या समरीमध्ये आयपी पत्ता दिसू लागला की समजायचं जमलं. एजंटचा दुसरा फायदा असा की बॅकअप घेताना तो फाइलसिस्टिम क्षणभर थोपवून धरतो, म्हणजे अर्धवट लिहिलेला डेटा बॅकअपमध्ये जात नाही.

यातली एक बारीक गोम. एजंटचं टिक व्हीएम चालू असताना केलं आणि मग आतून रिबूट केलं तर काहीच बदलत नाही. असे बदल 'पेंडिंग' राहतात, रंग बदलून दिसतात, आणि व्हीएम पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झाली किंवा वेबवरचं रिबूट बटण दाबलं तरच लागू होतात. यावर मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे, तेव्हा हसत नाही.

शटडाउन अडकलं आणि स्टॉपही लॉक मिळत नाही म्हणतंय? खालच्या टास्कच्या यादीत आधीचं शटडाउन अजून वाट बघत असतं. ते उघडून थांबवा. आणि व्हीएम 'लॉक्ड' दिसली की लगेच 'क्यूएम अनलॉक' (लॉक जबरदस्तीने काढणारी आज्ञा) मारायची खोड सोडा. आधी बॅकअप चालू आहे का बघा. तो चालू असेल तर लॉक बरोबर जागी आहे.

आलेख बघून घाबरणं

मेमरी ९० टक्के दिसली की लोक मेमरी वाढवतात. मग ती पण ९० टक्के होते. लिनक्स रिकामी मेमरी कॅशेसाठी (वाचलेला डेटा हाताशी ठेवायला) वापरतं, ते चांगलंच आहे. आत जाऊन 'फ्री' चालवा आणि 'अव्हेलेबल'चा रकाना वाचा. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा बलून ड्रायव्हर (आतल्या मेमरीचा हिशोब बाहेर सांगणारा) आणि त्याची सेवा नसेल तर बाहेरचा आकडा तसाही विश्वासाचा नाही.

उलटी चूक म्हणजे आलेख शांत दिसतो म्हणून निर्धास्त राहणं. आठवड्याच्या आलेखात 'ॲव्हरेज' निवडलेलं असतं, त्यात पाच मिनिटांचा झटका पार विरघळतो. 'मॅक्सिमम' निवडून बघा. व्हीएम हळू चालते आणि सीपीयू मोकळा दिसतो तेव्हा नोडच्या (व्हीएम ज्यावर चालतात त्या खऱ्या मशीनच्या, म्हणजे होस्टच्या) समरीतला 'आयओ डिले', म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, पाहा, दोष बऱ्याचदा डिस्कचा निघतो. आणि आत 'टॉप' आज्ञेत 'एसटी'चा (सीपीयूची वाट बघण्यात गेलेला वेळ) आकडा वर असेल तर होस्टवर सीपीयूची रांग लागली आहे. अशा वेळी व्हीएमला आणखी कोअर देणं म्हणजे रांगेत आणखी माणसं उभी करणं.

उरलेल्या, पटापट

प्रॉक्समॉक्सच्या वेबपानाचा ८००६ पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. कॉकपिटचा ९०९० पण नाही. व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल वापरा. 'आमच्याकडे कोण येणार' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

रूटचा पासवर्ड चौघांत फिरवू नका. फक्त बघायचं असेल त्याला 'पीव्हीईऑडिटर'ची भूमिका द्या. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करायला पाच मिनिटं लागतात.

महत्त्वाच्या व्हीएमला ऑप्शन्समध्ये 'प्रोटेक्शन' लावा, म्हणजे डिलीट होणार नाही. तीन व्हीएमची नावं 'टेस्ट', 'टेस्ट२', 'टेस्ट-नवीन' अशी ठेवून मग चुकीची उडवली म्हणून रडणाऱ्यांसाठी माझ्याकडे सहानुभूती कमी आहे.

व्हीएमचा साचा करताना आतली मशीन-आयडी रिकामी करा. नाहीतर सगळ्या क्लोन डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणारी सेवा) एकच ओळखपत्र दाखवतात आणि एकच आयपी मागतात.

दोन नोडचा क्लस्टर (एकत्र जोडलेल्या मशीनचा गट) करू नका. एक बंद पडला की दुसऱ्याकडे दोनपैकी एकच मत उरतं, बहुमत जातं. चालू व्हीएम चालत राहतात, पण नवी सुरू होत नाही आणि सेटिंग बदलत नाही. तिसरं मत द्यायला क्यूडिव्हाइस आहे, त्याला एखादं छोटं मशीन पुरतं.

आणि नेटवर्कच्या ब्रिजला (व्हीएमना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा) दुरून हात लावायचा असेल तर आधी आयपीएमआय (नेटवर्कची सेटिंग बिघडली तरी मशीन दुरून हाताळायची वेगळी सोय) चालतंय का बघा, किंवा मशीनजवळ कोणाला तरी उभं करा. नेटवर्कची सेटिंग असलेल्या 'इंटरफेसेस' फाइलची प्रत काढून ठेवा आणि ती परत कशी ठेवायची हे त्या माणसाला आधीच कागदावर लिहून द्या. काही चुकलं तर ॲप्लाय दाबल्यावर तुमचं पान उघडणार नाही आणि फोनवर त्याला एकेक अक्षर सांगावं लागेल.