सांगलीच्या हळदीचे भाव आणि पांढरं पान

मार्केट यार्डात काकांची अडत आहे. त्यांच्या वेबसाइटवरचं भावपत्रकाचं पान सौद्याच्या दिवशीच कोरं पडलं. काकांचा फोन आला, "अरे, गिऱ्हाईक विचारतंय, बघ की जरा."

घरच्या लॅपटॉपवर सगळं नीट चालत होतं. साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. सर्व्हरवर चुका दाखवायचा कोड घातला, पान कोरंच. पीएचपीइन्फो (पीएचपीची सेटिंग दाखवणारं फंक्शन) बंद, एक्सडीबग (चुका शोधायचं साधन) बसवायची मुभा नाही. लॉग, म्हणजे चुकांची नोंद, सर्व्हरच्या टेम्प फोल्डरमध्ये लिहायला गेलो तर ओपन बेसडिर, म्हणजे ठरावीक फोल्डरबाहेर जाऊ न देणारं बंधन, आडवं आलं. साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, तिथे एकाच सर्व्हरवर शेजारी अनेक साइट असतात, त्यामुळे ही बंधनं हवीतच. पण त्या रात्री जीव मेटाकुटीला आला.

शेवटी साइटच्या फोल्डरमध्ये 'डॉट युजर डॉट आयएनआय' ही पीएचपीच्या सेटिंगची फाइल केली. त्यात लॉग एरर्स चालू केलं आणि एरर लॉगला माझ्याच होम फोल्डरमधला, पब्लिक एचटीएमएल या लोकांना उघड असलेल्या फोल्डरच्या बाहेरचा मार्ग दिला. लगेच फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. पीएचपी ही फाइल सहसा ३०० सेकंदांनी पुन्हा वाचते.

पाच मिनिटांनी लॉगमध्ये ओळ आली: शेल एक्झेक नावाचं फंक्शनच नाही! सर्व्हरवरची कमांड चालवणाऱ्या या फंक्शननेच भावपत्रकाची पीडीएफ बनायची. होस्टिंगवर ते आधीपासून बंदच होतं, पण पीएचपी ७ मध्ये नुसती वॉर्निंग येऊन पान पुढे सरकायचं. होस्टिंगवर नुकतंच पीएचपी ७ चं ८ झालं होतं, आणि त्यात बंद केलेलं फंक्शन अस्तित्वातच नसल्यासारखं धरतात, म्हणून पान तिथेच मरायचं.

आधी फंक्शन एक्झिस्ट्सने, ते फंक्शन आहे का, अशी तपासणी घातली. भाव दिसू लागले. पीडीएफ नंतर शुद्ध पीएचपीतल्या लायब्ररीने केली.