टाय-इन कादंबरीत जुनी पात्रं परत आणताना या चुका टाळा

सायफाय फ्रँचायझीवरची टाय-इन कादंबरी (म्हणजे गाजलेल्या चित्रपट-मालिकांच्या जगात, हक्कधारकांच्या परवानगीने लिहिलेली) हातात घेणारा वाचक आधी कथानक बघत नाही. पडद्यावर वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस इथेही तोच वाटतोय का, हे बघतो. तसा वाटला नाही, की लेखक संवादांवर पुन्हा हात फिरवायला बसतो. दुखणं मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे असतं: तो माणूस आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर उभा आहे, हेच ठरलेलं नसतं.

काळ न ठरवता लिहायला बसणं

तीन चित्रपटांतून तावूनसुलाखून निघालेला नायक कादंबरीत पुन्हा पहिल्या चित्रपटातला उतावळा पोरगा होतो, कारण लेखकाच्या मनात तीच छबी पक्की बसलेली असते. टिमथी झान यांच्या ‘एअर टू द एम्पायर’ या ‘स्टार वॉर्स’ कादंबरीत (१९९१) ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटानंतर पाच वर्षं उलटली आहेत, आणि ती माणसांवर दिसतात. लेया गरोदर आहे आणि नव्या सरकारच्या कामात बुडाली आहे. हान, एकेकाळचा तस्कर, त्याच सरकारसाठी राबतोय. ल्यूकला शिकवणारं कोणी उरलेलं नाही, आता शिकवायचं त्याने आहे. लिहिण्याआधी प्रत्येक पात्रासाठी दोन ओळी लिहून ठेवा: शेवटचं दिसलं तेव्हा त्याने काय गमावलं होतं, आणि त्यानंतर किती काळ गेला.

पडद्याने उघडी ठेवलेली गाठ आपणच बांधणं

१९७८ सालच्या ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ या ‘स्टार वॉर्स’ कादंबरीत ल्यूक आणि लेया यांच्यात चक्क आकर्षण आहे. १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये ते बहीण-भाऊ निघाले. लेखक अ‍ॅलन डीन फॉस्टर यांना दोष देण्यात अर्थ नाही. मूळ चित्रपटातही तसे इशारे होतेच. पण मुख्य कथा अजून चालू असेल, तर नाती, पालकत्व आणि भूतकाळातली गुपितं यांना हात लावण्याआधी हक्कधारकांच्या संपादकाला विचाराच.

‘एलियन’च्या कादंबऱ्यांचा किस्सा तर अफलातून आहे. ज्या कॉमिक्सवरून ‘अर्थ हाइव्ह’ लिहिली गेली, त्यांत ‘एलियन्स’ चित्रपटातून जिवंत सुटलेले हिक्स आणि न्यूट होते. १९९२च्या ‘एलियन ३’ने त्या दोघांना सुरुवातीलाच मारून टाकलं. त्याच वर्षी आलेल्या कादंबरीत ते विल्क्स आणि बिली झाले, भूतकाळाचे तपशील हलवले गेले, आणि गोष्ट पुढे चालली. यातून एक निर्दय चाचणी मिळते: आपल्या मसुद्यात नायकाचं नाव बदलून बघा. काहीच अडलं नाही, तर ती गोष्ट त्याची कधी नव्हतीच.

लकबींवर भागवणं

‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकची एक भुवई पडद्यावर वर जाते तेव्हा अर्धं काम अभिनेता करतो. कागदावर ती दहाव्यांदा वर गेली की विनोद होतो. फाइलमध्ये ‘भुवई’ शोधा, एक-दोन जागा ठेवा, बाकी काढा. रिकाम्या जागी त्याने घेतलेला एखादा निर्णय येऊ द्या, जो त्या जहाजावरच्या दुसऱ्या कोणी घेतला नसता. तकियाकलामांचंही तेच.

खोटा धोका, किंवा घाईचा मृत्यू

प्रमुख पात्र मरणार नाही हे वाचकाला माहीत असतं, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याच्या मानेवर तलवार टांगून ताण येत नाही. उलट टोकही अवघड. ‘स्टार वॉर्स’च्या ‘व्हेक्टर प्राइम’ कादंबरीत (१९९९) हानचा जिवलग साथीदार च्युबाका मेला आणि चाहते भडकले. २०१४ मध्ये ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या लुकासफिल्मने त्या कादंबऱ्या ‘लेजेंड्स’ म्हणून, म्हणजे अधिकृत कथेबाहेरच्या म्हणून, बाजूला काढल्या, आणि पुढच्याच वर्षी च्युबाका चित्रपटात धडधाकट हजर. ‘स्टार ट्रेक’च्या कादंबऱ्यांत कॅप्टन जेनवे २००७ मध्ये मेली आणि २०१२ मध्ये परतली.

माझ्या मते झान यांची युक्ती सगळ्यात कामाची: बदलाचा भार नव्या पात्रावर टाका. मारा जेड ल्यूकला ठार मारण्याच्या इराद्याने गोष्टीत येते. ल्यूक जगणार हे ठाऊक असतं; तिचं काय होणार, हे ठाऊक नसतं.

आणि हो, हजेरीपट घेऊ नका. सगळ्या लाडक्यांना एकेक प्रवेश देण्याच्या नादात निम्मं पुस्तक भेटीगाठींतच संपतं. ज्याला काम नाही, त्याला दुसऱ्या ग्रहावर पाठवा आणि एका वाक्यात त्याची खबर द्या.